दावा चालू असतानाच वर जाता येतं का? पुण्याच्या कोर्टातल्या मधल्या आदेशांचा हिशेब

"अर्ज नामंजूर झाला, आता वर जायचं का?" शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात हा प्रश्न रोज कुठल्या ना कुठल्या मजल्यावर ऐकू येतो. दाव्याचा निकाल लांब असतो, सरतपास, उलटतपास अजून व्हायचे असतात आणि मध्येच एखादा आदेश होतो. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) घ्यायला कोर्ट नकार देतं, दावादुरुस्तीचा अर्ज फेटाळला जातो, जागेच्या पाहणी-मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमला जात नाही किंवा निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, मनाई हुकूम मिळत नाही. अशा मधल्या आदेशांपैकी मोजक्यांवर लगेच अपील होतं. काहींवर हायकोर्टात रिव्हिजन (आदेशाची फेरतपासणी) चालतं. उरलेल्यांवर अपीलही नाही आणि रिव्हिजनही नाही. तिथे संविधानाच्या अनुच्छेद २२७ चा अरुंद रस्ता तेवढा असतो. आपला आदेश यातल्या कुठल्या खणात बसतो, हे ओळखण्यातच निम्मं काम आहे. चुकीच्या खणात अर्ज टाकला की तो परत येईपर्यंत योग्य खणाची मुदत निघून गेलेली असते.

आदेश कोणत्या तरतुदीखाली झाला?

आदेश झाला त्याच दिवशी तीन गोष्टी करा. पहिली, ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून आदेश अपलोड झालाय का बघा. पुणे जिल्ह्यातले हे क्रमांक 'एमएचपीयू'ने सुरू होतात. दुसरी, आदेश ज्या अर्जावर झाला त्याची निशाणी आणि अर्जाच्या डोक्यावर लिहिलेली तरतूद टिपून घ्या: आदेश ३९ नियम १ व २, आदेश ६ नियम १७, आदेश ७ नियम ११ असं काहीतरी असेल. तिसरी, त्याच दिवशी आदेशाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. वर जायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी टाका. नकलेचा खर्च किरकोळ असतो, वाया गेलेले दिवस मात्र परत मिळत नाहीत.

अर्जाच्या डोक्यावर चुकीचं कलम पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. कोर्टाने प्रत्यक्षात कोणता अधिकार वापरला ते आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात बघायचं. अपील होतं की नाही हे त्यावरून ठरतं, अर्जाच्या नावावरून नाही.

पहिला खण: लगेच अपील होणारे आदेश

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १०४ आणि आदेश ४३ नियम १ यांत अपीलयोग्य आदेशांची यादी आहे. ती बंदिस्त आहे. तिच्यात नसलेला आदेश कितीही अन्यायकारक वाटला तरी त्यावर या मार्गाने अपील होत नाही. पुण्यातल्या दिवाणी दाव्यांत वारंवार लागणारी नोंद म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाचा आदेश, मग तो दिलेला असो वा नाकारलेला. मनाई मोडल्याबद्दल आदेश ३९ नियम २अ खाली झालेला आदेश आणि रिसिव्हर (वादातली मालमत्ता सांभाळणारा) नेमण्याचा आदेशही यादीत आहे. दावापत्र दुसऱ्या कोर्टात दाखल करण्यासाठी परत केलं, मयत पक्षकाराचे वारस वेळेत न आणल्याने दावा संपुष्टात आला आणि तो पुन्हा उभा करायला नकार मिळाला, गैरहजेरीत निकाली निघालेला दावा परत घेण्याचा अर्ज फेटाळला, या आदेशांवरही अपील होतं.

एका ठिकाणी खूप जण फसतात. प्रतिवादी तारखेला आला नाही म्हणून दाव्यात 'एकतर्फी' आदेश झाला आणि तो रद्द करण्याचा अर्ज आदेश ९ नियम ७ खाली फेटाळला, तर त्यावर अपील नाही. तोच प्रतिवादी झोपून राहिला, एकतर्फी हुकूमनामा (दाव्याचा अंतिम निकाल) झाला आणि तो रद्द करण्याचा आदेश ९ नियम १३ चा अर्ज फेटाळला, तर मात्र अपील आहे. दोन्हीकडे शब्द 'एकतर्फी'च. एक आदेश आहे, दुसरा हुकूमनामा. पुनर्विलोकनातही (त्याच कोर्टाने आपला आदेश पुन्हा तपासणं) असाच एकांगी प्रकार आहे. पुनर्विलोकन मंजूर झालं तर अपील होतं, नामंजूर झालं तर होत नाही.

दावापत्र आदेश ७ नियम ११ खाली फेटाळलं गेलं तर तो 'आदेश' राहतच नाही. कायद्याच्या व्याख्येनुसार तो हुकूमनामा ठरतो आणि त्यावर कलम ९६ चं नियमित अपील होतं, पूर्ण कोर्ट फीसकट. हे ध्यानात न घेता किरकोळ अपील दाखल केलं तर कार्यालय हरकत काढतं आणि महिना तिथेच जातो.

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या आदेशावरचं अपील जिल्हा न्यायालयात 'किरकोळ दिवाणी अपील' म्हणून जातं. दावा वरिष्ठ स्तराच्या कोर्टात आणि मोठ्या मूल्यांकनाचा असेल तर अपील थेट मुंबई हायकोर्टात जातं. तिथे त्याला 'अपील फ्रॉम ऑर्डर' म्हणतात. म्हणून अपिलाचा मसुदा हातात घेण्याआधी दावापत्रातला मूल्यांकनाचा परिच्छेद वाचा. आज काय बांधकाम उभं राहतंय किंवा फ्लॅटला काय भाव आहे, याला इथे महत्त्व नाही. दाव्याचं मूल्यांकन कागदावर किती केलंय तेच बघितलं जातं.

आणखी एक. मनाई हुकुमावरच्या अपिलात वरचं कोर्ट सगळं प्रकरण नव्याने तोलत नाही. खालच्या कोर्टाने स्वेच्छाधिकार मनमानीने किंवा प्रस्थापित तत्त्वं डावलून वापरला का, एवढंच ते पाहतं. सर्वोच्च न्यायालयाने वाँडर विरुद्ध अँटॉक्स या १९९० च्या निकालात हे घालून दिलंय. 'आमची बाजू जास्त बरोबर आहे' हा मुद्दा तिथे टिकत नाही. 'सातबारा आणि मोजणी नकाशा रेकॉर्डवर असूनही आदेशात त्यांचा उल्लेखच नाही' हा टिकतो.

दुसरा खण: उलटा निकाल लागला असता तर?

अपील नसलेल्या आदेशाला एक कसोटी लावायची. अर्जावर उलटा निकाल लागला असता तर दावा तिथेच संपला असता का? कलम ११५ ची २००२ पासून लागू झालेली दुरुस्ती याच कसोटीवर उभी आहे. प्रतिवादीने 'हा दावा मुदतबाह्य आहे, दावापत्र फेटाळा' असा अर्ज दिला आणि कोर्टाने तो नामंजूर केला असं समजा. मंजूर झाला असता तर दावा संपला असता, म्हणून रिव्हिजन चालतं. दावादुरुस्तीचा अर्ज मात्र मंजूर झाला काय किंवा नामंजूर झाला काय, दावा चालूच राहतो. म्हणून तिथे रिव्हिजन नाही. जिथे अपील आहे तिथेही रिव्हिजन नाही. महाराष्ट्रात कलम ११५ चं रिव्हिजन हायकोर्टातच जातं आणि मुदत ९० दिवसांची असते.

फौजदारीत हीच कसोटी वेगळ्या वाटेने आली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९७(२) ने मधल्या आदेशांवरचं रिव्हिजन सरसकट बंद केलं होतं. १९७७ मध्ये मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम आणि मधला यांच्या दरम्यान आणखी एक प्रकार असतो. आरोपीची हरकत मान्य झाली असती तर खटलाच संपला असता, अशी हरकत फेटाळणारा आदेश निव्वळ मधला नव्हे. लिमये मूळचे पुण्याचेच, त्यामुळे इथल्या वकिलांना हा निकाल सहसा सांगावा लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच बंदी कलम ४३८(२) मध्ये आहे. प्रोसेस काढण्याचा (आरोपीला समन्स पाठवण्याचा) आदेश किंवा दोषमुक्तीचा अर्ज फेटाळणारा आदेश यांवर सत्र न्यायालयात रिव्हिजन होतं. साक्षीदार पुन्हा बोलवायला नकार, कागदपत्र मागवायला नकार, तारीख वाढवणं यांवर होत नाही.

तिसरा खण: अनुच्छेद २२७

पहिल्या दोन खणांत न बसणाऱ्या आदेशांसाठी हायकोर्टाचा देखरेखीचा अधिकार उरतो. दिवाणी न्यायालयाच्या आदेशावर रिट करायचं ते २२७ खालीच, २२६ खाली नाही. २०१५ च्या राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या निकालानंतर ही शंका संपली. दावादुरुस्ती, नवा पक्षकार घेणं, कमिशनर, कागदपत्रं दाखल करायला उशीर हे सगळे आदेश इथे येतात. ठराविक मुदत नाही, पण तीन महिन्यांच्या आत गेलेलं बरं. पुढच्या प्रत्येक महिन्याचा जाब द्यावा लागतो.

इथे आमचं स्पष्ट मत आहे: २२७ चं रिट हे रागाच्या भरात करायचं काम नाही. आदेश चुकीचा आहे एवढ्यावर हायकोर्ट हात घालत नाही. कोर्टाने अधिकार नसताना आदेश केला, अधिकार असून वापरला नाही किंवा रेकॉर्डच्या सरळ विरुद्ध निष्कर्ष काढला, असं दाखवावं लागतं. बाकी बहुतेक रिटं पहिल्याच तारखेला संपतात. मध्ये गेलेले चार महिने आणि मुंबईच्या वकिलाची फी परत येत नाही.

शिवाय पुष्कळदा खालच्याच कोर्टात इलाज शिल्लक असतो. प्रतिवादीची कैफियत मुदतीत आली नाही म्हणून 'नो डब्ल्यूएस' (कैफियतीविना दावा पुढे चालवा) असा आदेश झाला, तर तो रद्द करण्याचा अर्ज, सोबत तयार कैफियत आणि उशिराची कारणं अशी त्याच कोर्टात द्या. कॉस्ट (समोरच्याला द्यायची खर्चाची रक्कम) भरण्याची तयारीही अर्जातच लिहा. साध्या दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० ते ९० दिवसांची मुदत लवचिक धरली जाते, त्यामुळे हे अर्ज बऱ्याचदा मंजूर होतात. कमिशनरचा अर्ज पुराव्याआधी फेटाळला गेला असेल तर मोजणीचा वाद पुराव्यात उघडा पडल्यावर तो पुन्हा देता येतो. हे न करता थेट मुंबई गाठली की पहिला प्रश्न येतो, "खाली अर्ज केला होता का?"

कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण त्यात पुणे जिल्हा नाही. साताऱ्याचा पक्षकार आता कोल्हापूरला जातो; पुणेकराने मात्र सकाळची डेक्कन क्वीन धरून फोर्टातल्या हायकोर्टात जायचं.

वर न जाणं हाही मार्ग आहे

"आत्ता अपील केलं नाही तर हा मुद्दा कायमचा गेला," ही भीती बहुतेक वेळा खोटी असते. कलम १०५(१) प्रमाणे मधल्या आदेशातली चूक निकालावर परिणाम करणारी असेल, तर अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात ती मांडता येते. आपली हरकत तेवढी रेकॉर्डवर दिसायला हवी. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ती नसेल तर त्याच दिवशी पुरसिस (छोटं लेखी निवेदन) देऊन ती घालून घ्या.

याला एक अपवाद आहे आणि तो महाग पडतो. अपिलीय कोर्टाने प्रकरण फेरचौकशीसाठी खाली पाठवलं, म्हणजे रिमांड केलं, आणि त्या आदेशावर अपील होत असूनही तुम्ही केलं नाही, तर कलम १०५(२) मुळे पुढे तो रिमांड चुकीचा होता असं म्हणता येत नाही. रिमांडचा आदेश हातात आला की त्याच आठवड्यात निर्णय घ्या.

दुसरा सापळा कॉस्टचा. समोरच्याची दुरुस्ती 'पाचशे रुपये कॉस्टवर' मंजूर झाली, तुमच्या वकिलाने ती कॉस्ट निमूट घेतली आणि मग आदेशाला आव्हान दिलं, तर आदेशाचा फायदा घेऊन त्यालाच विरोध करता येत नाही असं उत्तर मिळतं. कॉस्ट घेऊ नका, किंवा घेतलीच तर 'हक्क राखून' असं पावतीवर लिहा.

नकलेची मागची बाजू

मुदतीचं गणित नकलेच्या मागच्या शिक्क्यावर चालतं. तिथे नकलेचा अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तारखा असतात. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस, हायकोर्टातल्या अपिलाला ९० दिवस.

समजा आदेश ३ मार्चला झाला. तो दिवस मोजायचा नाही; मोजणी ४ मार्चपासून, म्हणजे ३० वा दिवस २ एप्रिल. नकलेचा अर्ज १० मार्चला टाकला आणि नक्कल १८ मार्चला तयार झाली, तर १० ते १८ हे नऊ दिवस मिळतात. शेवटची तारीख ११ एप्रिल. नक्कल १८ ला तयार असून तुम्ही ती २५ ला उचललीत, तर मधले सात दिवस तुमच्याच खिशातून जातात. अर्ज टाकण्याआधीचे दिवसही मिळत नाहीत. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं.

मुदत चुकलीच तर मुदत अधिनियमाच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा लागतो. 'वकिलांनी कळवलं नाही' या एका वाक्याने भागत नाही. तारीखवार कारण द्या, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. आणि विलंब माफ होऊन अपील ऐकायला घेईपर्यंत स्थगिती मिळत नाही, हे विसरू नका.

किरकोळ अपिलासोबत साधारण एवढं लागतं: अपिलाचा मेमो, आदेशाची प्रमाणित नक्कल, वकीलपत्र, कोर्ट फी, आणि दावापत्र, कैफियत, मूळ अर्ज व त्यावरचं म्हणणं यांच्या प्रती. स्थगितीचा अर्ज वेगळा, प्रतिज्ञापत्रासह. मेमोत मुद्दे क्रमांकाने लिहा. आदेशातली कोणती ओळ कोणत्या कागदाशी जुळत नाही, ते पान क्रमांकासह दाखवलं की बाकीचं शब्दांकन साधं असलं तरी चालतं.

अपील दाखल झालं, तरी खालचा दावा थांबत नाही

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. नुसतं अपील, रिव्हिजन किंवा रिट दाखल केल्याने खालचं कामकाज थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी आणि मिळवावी लागते. ती मिळेपर्यंत खालच्या तारखेला हजर राहायचं. नाही तर मुंबईत कैफियतीचा वाद चालू असताना शिवाजीनगरला उलटतपासाचा हक्क बंद झालेला असतो.

निशाणी ५ चा आदेश वाचून होताच त्याच कोर्टात अर्ज द्या: 'वरच्या न्यायालयात जाण्यासाठी आधीची जैसे थे स्थिती चार आठवडे चालू ठेवा.' तोपर्यंत अंतरिम संरक्षण चालू असेल तर बरीच कोर्टं थोडे दिवस देतात. धनकवडीत शेजाऱ्याची भिंत उभी राहत असेल तर हे थोडे दिवस म्हणजेच दाव्याचा जीव. हायकोर्टात दाखल केल्यावर स्टॅम्प नंबर (दाखल केल्याचा तात्पुरता क्रमांक) मिळतो. तो पुरसिसने खालच्या कोर्टात कळवा आणि मुंबईत प्रेसिपी (कोर्टाला द्यायचं विनंतीपत्र) देऊन लवकर तारीख मागा. स्टॅम्प नंबर म्हणजे स्थगिती नव्हे, पण "आम्ही खरंच गेलोय" हे त्यातून दिसतं.

'स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो' असं अजूनही कॉरिडॉरमध्ये छातीठोकपणे सांगितलं जातं. तो २०१८ चा निकाल होता. २९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढलाय.

एकतर्फी तूर्तातूर्त मनाई तुमच्याविरुद्ध झाली असेल तर दोन वाटा आहेत: त्याच कोर्टात आदेश ३९ नियम ४ खाली ती उठवण्याचा अर्ज, किंवा अपील. बहुतेक वेळा पहिली वाट बरी, कारण तुमचे कागद त्या कोर्टाने पाहिलेलेच नसतात. मनाई अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा असतो. तो लोंबकळत ठेवला तर अपिलाचं कारण आणखी मजबूत होतं.

बाकीच्या कोर्टांत काय

व्यावसायिक दाव्यांत आदेश ४३ च्या यादीतल्या आदेशांवरच अपील होतं, मुदत ६० दिवस, आणि मधल्या आदेशांवरचं रिव्हिजन व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम ८ ने बंद आहे. कैफियतीला १२० दिवसांनंतर एक दिवसही मिळत नाही. करारात लवादाचं कलम असेल आणि कोर्टाने प्रकरण लवादाकडे पाठवायला नकार दिला, तर अपील होतं. पाठवलं तर होत नाही.

कौटुंबिक न्यायालयाच्या मधल्या आदेशांना कलम १९ च्या अपिलातून वगळलंय, त्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ ची अंतरिम पोटगी जास्त किंवा कमी वाटली तर २२७ च. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात मात्र अंतरिम आदेशावरही कलम २९ खाली सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील होतं. पण नुसती तारीख दिली, कागद घेतला अशा निव्वळ प्रक्रियेच्या आदेशांवर नाही.

ग्राहक आयोगात लेखी म्हणण्याला ३० अधिक १५ असे ४५ दिवसच आहेत; जिल्हा आयोगाच्या मधल्या आदेशावर राज्य आयोगाकडे रिव्हिजन होतं. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

आदेश तुमच्या बाजूने झाला असेल तर

समोरचा वर जाईल असं वाटलं तर त्याच्या आधी कॅव्हेट ('आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश करू नका' असा अर्ज) टाका: अपील जिल्हा न्यायालयात जाणार असेल तर तिथे, रिट होणार असेल तर हायकोर्टात. कॅव्हेटची प्रत समोरच्याला स्पीड पोस्टाने नोंदणी करून पाठवून पोचपावती जपून ठेवा. कलम १४८अ प्रमाणे कॅव्हेट ९० दिवस चालतं आणि नंतर आपोआप संपतं, म्हणून ८५ व्या दिवसाची खूण कॅलेंडरवर करा आणि गरज असेल तर नवीन टाका.